नफा वाटायचा नाही, पण उरायला हवा!

इंग्लंडच्या ईस्ट ससेक्समध्ये क्रोबरो नावाचं छोटं शहर आहे. तिथलं हॉर्डर सेंटर हे हॉस्पिटल खाजगी, पण चॅरिटी. म्हणजे फुकट? अजिबात नाही! स्वतः पैसे भरणारे, विमावाले आणि सरकारी एनएचएसचे, असे तिन्ही पेशंट येतात. एनएचएसच्या पेशंटचं बिल एनएचएस भरतं, पण ठरलेल्या दराने. आपल्या एमआरपीसारखंच समजा. दर वाढवता येत नाही, मग उरणार कुठून? खर्चातून. यांचं मुख्य काम खुबा आणि गुडघ्याचे सांधे बदलणं. एकाच प्रकारचं काम पुन्हा पुन्हा केलं की हात बसतो, वेळ कमी वाया जातो, सामानाची खरेदीही सोपी होते. उरलेले पैसे शेअरहोल्डरला जात नाहीत (शेअरहोल्डरच नाहीत!), परत हॉस्पिटलच्याच कामात लागतात.