आठ घरं, आठ दिवाळी अंक

आठ घरांनी आठ वेगवेगळे दिवाळी अंक विकत घ्यायचे आणि होळीच्या आत सगळ्यांनी सगळे वाचायचे. खर्च एका अंकाचा, वाचन आठांचं. सोसायटीत, चाळीत, ऑफिसात किंवा गावातल्या एखाद्या आळीत, कुठेही हे जमतं. मात्र नुसत्या हौसेवर ते चालत नाही. पहिल्या दोन आठवड्यांनंतर अंक कुणाकडे आहे हेच कुणाला ठाऊक नसतं, आणि मग सगळं थांबतं. म्हणून आधी नीट बांधणी करायची.

नवरात्राच्या सुमारास घरं ठरवा. पाचांपेक्षा कमी असतील तर वाचायला फारसं मिळत नाही, दहाच्या वर गेली तर उन्हाळा उजाडतो. आठ हा चांगला आकडा. प्रत्येक घराने एक अंक विकत घेतलाच पाहिजे, या अटीवर ठाम राहा. “आम्ही फक्त वाचू” म्हणणाऱ्यांना प्रेमाने पण स्पष्ट नाही म्हणा. 1909 साली का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून शतकाहून जास्त काळ ही परंपरा टिकली, ती अंक विकत घेणाऱ्यांमुळे. वाचक हातचं राखू लागले तर संपादक पुढच्या वर्षी लेखकांना मानधन कुठून देणार? त्याच कारणासाठी पानांचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचे नाहीत. अंक हातोहात फिरेल, त्याच्या प्रती फिरणार नाहीत.

मग कोण काय घेणार ते एकत्र बसून ठरवा, नाहीतर तिघांकडे एकच अंक येतो. चव वेगवेगळी हवी. कथा-कवितांसाठी ‘मौज’ किंवा ‘दीपावली’, वैचारिक लेखनासाठी ‘साधना’ किंवा ‘अक्षर’, विनोदाला ‘आवाज’ किंवा ‘जत्रा’, रहस्यकथांना ‘धनंजय’. घरात मुलं असतील तर बालभारतीचा ‘किशोर’ हवाच. आठांतला एक अंक तरी असा घ्या, की तो आपल्यापैकी कुणीच आजवर वाचलेला नाही. जिल्ह्याच्या ठिकाणाहून निघणारे कितीतरी अंक मोठ्या शहरांतल्या दुकानांत दिसतही नाहीत, आणि नवे लेखक बरेचदा तिथेच पहिल्यांदा छापले जातात.

अंक हातात आला की दुकानातच किंवा त्याच दिवशी घरी सगळी पानं भराभर उलटून पाहा. छापखान्याच्या घाईत एखादा फर्मा उलटा लागतो, दोनदा लागतो किंवा कोरा राहतो. अशी प्रत तेव्हाच बदलून घ्या. महिन्याभराने चौथ्या घरातल्या वाचकाला कथेचा शेवट सापडला नाही, तर फार वाईट वाटतं.

त्यानंतर अंक प्रवासासाठी तयार करायचा. बहुतेक अंकांची बांधणी डिंकाची असते, म्हणून एकदम मधोमध उघडून दाबू नका. अंक टेबलावर उभा धरा, पुढून थोडी पानं आडवी करा, मग मागून थोडी, असं करत मध्यापर्यंत या. पाठ मोकळी होते आणि पानं सुटत नाहीत. मुखपृष्ठावर खाकी कागद चढवू नका. ते चित्र मुद्दाम काढून घेतलेलं असतं, ते दिसलं पाहिजे. पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर घाला, पण चिकटपट्टी प्लास्टिकलाच लावा, कागदाला नको. ‘आवाज’ असेल तर मुलांना आधीच सांगून ठेवा: खिडकीचित्रांच्या खिडकीत बोट घालून पान उलटायचं नाही, कोपरा धरून उलटायचं. आठ घरांतून फिरताना सर्वांत आधी फाटते ती खिडकीच.

आता फिरवण्याचा क्रम. आठ घरांची नावं एका कागदावर गोल लिहा आणि तो कागद प्रत्येक कव्हरच्या आत ठेवा. दर दुसऱ्या रविवारी संध्याकाळी प्रत्येकाने आपल्याकडचा अंक पुढच्या घरी नेऊन द्यायचा. सगळे अंक एकाच दिवशी, एकाच दिशेने सरकतात, त्यामुळे कुठल्याही घरात एका वेळी एकच अंक असतो आणि कुणाचाच हात रिकामा राहत नाही. अंक पोचवायचा, मागायला येण्याची वाट पाहायची नाही. वाचून झाला नसेल तरी द्यायचा. एका घराने अडवला की पाठीमागची सातही घरं अडतात. राहिलेली कथा फेरी संपल्यावर मूळ मालकाकडून मागून वाचता येते. दिवाळीनंतर आठवड्याभरात सुरुवात केली, तर सोळा आठवड्यांत, होळीच्या अलीकडे, फेरी पुरी होते.

हे सगळं ज्यासाठी करायचं, ते अनुक्रमणिकेच्या पानावर घडतं. जे आवडलं त्यासमोर पेन्सिलीने आपलं आद्याक्षर लिहायचं. शेरा नको, गुण नकोत, शेवटाचा सुगावा तर मुळीच नको. फक्त अक्षर. तिसऱ्या घरात अंक पोचतो तेव्हा वाचणाऱ्याला दिसतं, की एका अनोळखी लेखिकेच्या कथेसमोर दोन अक्षरं आहेत आणि गाजलेल्या नावासमोर एकही नाही. तो आधी तीच कथा उघडतो. शाळकरी मुलीचं अक्षर आजोबांच्या अक्षराशेजारी येतं, आणि रविवारी अंक द्यायला गेल्यावर दारातच अर्धा तास बोलणं होतं. माझ्या मते एकट्याने आठ अंक विकत घेऊन वाचण्यात हे सुख नाही. पेन्सिलच वापरा, कारण अंक शेवटी ज्याचा त्याच्याकडे जाणार आहे आणि त्याला खुणा पुसायच्या असतील तर पुसता आल्या पाहिजेत.

शेवटच्या रविवारी सगळे एका घरी जमा. कुठल्या लेखनासमोर सर्वांत जास्त अक्षरं आहेत ते पाहा आणि त्या लेखकाला चार ओळी लिहा. पत्ता किंवा ईमेल अंकात नसेल तर संपादकांकडे पाठवा, त्यांचा पत्ता अंकात छापलेला असतो. पत्रात काय आवडलं ते नेमकं लिहा, आणि खाली आठही घरांनी सह्या करा.