यंत्रनियंत्रकांतील कार्यप्रणाली

ठिबक सिंचनाच्या झडपा आपोआप उघडमीट करणारे नियंत्रक आता काही शेतांवर दिसू लागले आहेत. अशा पेटीत एक लहानसा संगणक असतो. अनेक कामे एकदम पुढे आली असता कोणते आधी घ्यावयाचे, हे ठरविणाऱ्या मूळ आज्ञावलीस कार्यप्रणाली म्हणतात. अगदी साध्या पेटीत ती नसतेही.

कचेरीतील संगणकास क्षणभर उशीर झाला तर बिघडत नाही. यंत्र चालविणाऱ्या संगणकाचे तसे नाही. तेथे उशिरा दिलेली योग्य आज्ञाही निरुपयोगी ठरते. ह्यासाठी वास्तवकाल कार्यप्रणाली वापरतात. ती अतिजलद असतेच असे नाही, मात्र ठरल्या मुदतीत काम व्हावे म्हणून ती प्रत्येक कामास अग्रक्रम देते.

परंतु अग्रक्रम लावून दिले म्हणजे झाले, असे समजू नये. अमेरिकेचे पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ रोजी मंगळावर उतरले. त्यात व्हीएक्सवर्क्स ही कार्यप्रणाली होती. हवामानाच्या नोंदी सुरू झाल्यावर थोड्याच दिवसांत यानाचा संगणक वरचेवर बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागला व त्या दिवसाचे उरलेले काम दुसऱ्या दिवसावर जाऊ लागले.

समजा, सामाईक विहिरीवरील मोटारीची किल्ली गवतास पाणी देणाऱ्या गड्याच्या खिशात आहे. रोपे सुकत आहेत म्हणून दुसरा गडी किल्लीसाठी खोळंबला आहे. इतक्यात पहिल्यास कोणी पोती उचलावयास नेले. पोत्यांपायी रोपे वाळली! यानात हेच घडले. सामाईक माहितीमार्गाची किल्ली हवामानाच्या दुय्यम कामाकडे असताना मधल्या अग्रक्रमाची कामे त्यास बाजूस सारीत आणि अधिक तातडीचे काम अडून राही. मुदत टळताच पहारेकरी यंत्रणा सारे नव्याने सुरू करी.

अभियंत्यांनी पृथ्वीवरील तशाच जोडणीवर हा दोष घडवून पाहिला. किल्ली परत करीपर्यंत ती धरणाऱ्यास वाट पाहणाऱ्याचा अग्रक्रम द्यावयाचा, हा त्यावरील उपाय. ही सोय प्रणालीत मुळातच होती, पण बंद ठेवलेली होती. ती पृथ्वीवरून चालू करण्यात आली.

अशी पहारेकरी यंत्रणा शेतावरील नियंत्रकांतही असू शकते. शिवाय आपल्याकडे वीज जाते ती वेगळीच. म्हणून पेटी बसवून घेताना ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी पाळी चालू असता वीज तोडून पुन्हा द्यावी. झडपा कोणत्या स्थितीत येतात व वेळापत्रक शिल्लक राहते काय, हे समक्ष पाहावे. खताचा पंप साध्या पाण्यावर चालवून हीच परीक्षा घ्यावी. पाळी पहिल्यापासून सुरू होत असेल तर खत जवळजवळ दुप्पट पडू शकते.