नेमबाजी आणि वणवा

अमेरिकेच्या पश्चिम भागातील कोरड्या कुरणांत हौशी नेमबाजीमुळेही वणवे लागतात. गोळीने गवत पेटते कसे? तेथील वनखात्याच्या २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत याचे उत्तर मिळाले. गोळी पोलादी पत्र्यावर आदळताच तिच्या गतीचे उष्णतेत रूपांतर होते व तिचे तप्त तुकडे खालच्या सुक्या थरात पडतात. निव्वळ तांब्याच्या व पोलादयुक्त गोळ्यांनी आग सहज लागली. शिशाच्या गाभ्याच्या गोळ्यांनी क्वचितच. स्फोटक लक्ष्ये याहून घातक होत. एप्रिल २०१७ मध्ये ॲरिझोनात अशा एका लक्ष्यामुळे सुमारे ४७,००० एकर रान जळाले.

मग बंदी घालावी काय? ओल्या ऋतूत, गवत काढलेल्या जागी, मातीच्या ढिगाऱ्यासमोर नेमबाजी केल्यास धोका अल्प असतो. म्हणून सरसकट बंदी न्याय्य ठरत नाही. परंतु गवत वाळलेले व वारा जोराचा असता एकाच्या करमणुकीपायी शेजाऱ्याचा चारा, कुंपण व गुरे धोक्यात घालणे योग्य नव्हे. अशा काळापुरती बंदी, आणि कुरणांत स्फोटक लक्ष्यांस कायमची मनाई, हाच समंजस मार्ग होय.