अभ्यास आणि निद्रा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अठरा तासांच्या अभ्यासाचा दाखला आम्ही शिक्षक विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे देत आलो. त्यातून रात्रभर जागणे हीच निष्ठा, असा समज वसतिगृहात रुजला. परीक्षेच्या दिवसांत सकाळच्या वंदनेला पेंगणारी मुले पाहून आम्हांस आमची चूक उमगली. त्या दाखल्याची दुसरी बाजू आम्ही सांगितलीच नव्हती.

मुंबईत परळच्या चाळीतील एकाच खोलीत संसार आणि अभ्यास दोन्ही चालत. म्हणून सुभेदार रामजी भीमरावांना लवकर निजवीत, स्वतः रात्री २ वाजेपर्यंत जागत आणि मग त्यांना अभ्यासास उठवून आपण झोपत. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले. त्या यशामागे जागरण होते, तशी पित्याने राखलेली झोपही होती.

१३ ते १८ वर्षांच्या मुलांस रोज ८ ते १० तास झोप हवी, असे वैद्यकशास्त्र सांगते. वाचलेले स्मरणात पक्के होण्यास झोपच साहाय्य करते. यास्तव निजण्या-उठण्याची वेळ ठरलेली असावी, सायंकाळनंतर चहा टाळावा, निजण्यापूर्वी तासभर मोबाईल दूर ठेवावा. शेवटची काही मिनिटे मैत्रीभावनेस द्यावीत. अंगुत्तर निकायात तिचे अकरा लाभ सांगितले असून सुखाची झोप हा त्यांतील पहिला होय.

सुटीत मुले देवणी परिसरातील आपापल्या घरी जातात. तेथे खोली एकच असेल, दूरदर्शन संचही त्याच खोलीत असेल. अशा वेळी पालकांनी रामजींचे स्मरण करावे आणि मुलाच्या अभ्यासाइतकीच त्याची झोपही राखावी.