वारसा : जमिनीचा आणि नात्याचा



बापामागे जमीन कोणाची, या एका प्रश्नावर घरे टिकतात किंवा तुटतात. आज आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागातील गोंड समाजाची रीत समजून घेऊ या.

गोंडांमध्ये चार, पाच, सहा व सात देवांची कुळे असतात. एकाच गटात सोयरीक होत नाही. लग्नानंतर मुलगी सासरच्या देवांत जाते. त्यामुळे जमीन परंपरेने मुलांकडे जाते आणि कुळात राहते. मुलगा नसेल तर कधी घरजावई आणतात. शेत सांभाळणारी ही रीत आहे. पण तिचा भार विधवेवर, नवऱ्याने टाकलेल्या आणि बिनलग्नाच्या मुलीवर पडतो. भावाने हात सोडला, तर तिच्यासाठी बांधीचा एक तुकडाही उरत नाही.

कायदा काय सांगतो? १९५६चा हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना लागू नाही. म्हणून २००५च्या दुरुस्तीने इतर मुलींना मिळालेला समान हक्क आदिवासी मुलींना त्या कायद्याने मिळाला नाही. मात्र १७ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने छत्तीसगढमधील एका गोंड कुटुंबाच्या दाव्यात मुलीच्या वारसांना समान वाटा दिला. मुलीला वगळणारी रूढी सिद्ध झालेली नसताना तिचा हक्क नाकारणे समानतेला धरून नाही, असे न्यायालयाने मानले. २००६च्या वनहक्क कायद्यानेही विवाहितांचा पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे होतो. तो वारसांना मिळतो, पण विकता येत नाही.

आपल्या ख्रिस्ती घरांचे काय? १९२५च्या भारतीय वारसा कायद्यानुसार, मृत्युपत्र नसेल तर सर्वसाधारणपणे विधवेला एक-तृतीयांश आणि उरलेले मुलगे-मुलींना समान मिळते. तरीही बहीण हक्कसोडपत्रावर सही करते. का? माहेरचे दार बंद होऊ नये म्हणून! हे प्रेमाने दिलेले दान की भीतीने दिलेली किंमत, हे भावाने स्वतःला विचारावे. गणना या पुस्तकाच्या २७व्या अध्यायात सलाफहादाच्या पाच मुली मोशेसमोर वाटा मागतात आणि देव त्यांचे म्हणणे योग्य ठरवतो. मागणाऱ्या मुली तेथे भांडखोर ठरत नाहीत.

विचारासाठी :
१. आपल्या सातबाऱ्यावर आईचे व बहिणीचे नाव आहे का?
२. वाटणीची गोष्ट आईवडील हयात असतानाच, सर्वांना बसवून आपण केली आहे का?
३. वाटा मागणाऱ्या बहिणीला आपल्या घरी पूर्वीसारखेच ताट वाढले जाईल का?