गुणवंतांचा गौरव आणि त्यानंतरचे कर्तव्य

दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे धर्मसंस्थांच्या व समाजसंस्थांच्या वतीने चालणाऱ्या हायस्कुलांतून गुणगौरवाचे समारंभ सुरू होतात. नावे पुकारली जातात, मुले-मुली हार आणि प्रशस्तिपत्र घेऊन खाली उतरतात. शिष्यवृत्तीसाठी रक्कम देणाऱ्यांची नावेही त्याच सभेत वाचली जातात. ज्या मुलांनी खाऊच्या पैशांतून आजारी सोबत्यासाठी वर्गणी जमविली, त्यांचीही पाठ थोपटली जाते. हे सर्व योग्यच आहे. परंतु आम्हां शिक्षकांपुढे एक प्रश्न नेहमी उभा राहतो. हा गौरव मुलाच्या कितपत उपयोगी पडतो, आणि किती काळ? ट्रस्टच्या महोत्सवाच्या निमित्ताने या प्रश्नाचा थोडा अभ्यास सभासदांपुढे व त्यांच्या कुटुंबीयांपुढे मांडावा, असे आम्ही योजिले आहे. त्यासाठी घेतलेल्या उदाहरणाचा आरंभ मुंबईत झाला, पण त्यातील मोठा धडा आपल्या बडोदे शहराने शिकावयाचा आहे.

एक सत्कार व एक पुस्तक

डॉ. बाबासाहेब आंबेडकर शाळेत असताना एक परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांच्या समाजाच्या लोकांनी त्यांचा सत्कार करण्याचे ठरविले. इतर समाजांत त्या परीक्षेचे विशेष काही वाटत नसे. पण अस्पृश्य मानलेल्या त्या समाजातून तेथवर पोहोचलेला हा पहिलाच मुलगा, म्हणून लोकांस मोठा हर्ष झाला होता. वडील रामजी यांनी मात्र साफ नकार दिला. मुलाने एक परीक्षा दिली, याहून अधिक काही केलेले नाही; अशा कौतुकाने त्याच्या डोक्यात वारे शिरेल, असे त्यांचे म्हणणे. तेव्हा लोक रामजींचे स्नेही कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांजकडे गेले. केळुसकरांनी रामजींची समजूत घातली आणि सभा पार पडली. त्या वेळी केळुसकरांनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र मुलाच्या हाती दिले. ही हकीकत बाबासाहेबांनीच १९५६ साली, बुद्धावरील आपल्या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत सांगितली आहे.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, रामजींची शंका खोटी नव्हती. नुसत्या टाळ्यांनी मूल बिघडण्याचा संभव असतो, हे आम्ही शाळेत नित्य पाहतो. केळुसकरांनी त्या शंकेचे उत्तर वादाने दिले नाही, भेटीने दिले. सभा संपवून घरी गेलेल्या मुलास काही तरी करावयाचे उरले होते, ते म्हणजे वाचन. दुसरी गोष्ट अशी की, केळुसकर हे विल्सन हायस्कुलात शिक्षक होते. ती शाळा ख्रिस्ती मिशनची. मुलगा शिकत होता सरकारी एल्फिन्स्टन हायस्कुलात. म्हणजे तो ना त्यांच्या शाळेचा, ना त्यांच्या जातीचा. तरीही त्यांनी त्यास आपला मानले. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे बाबासाहेबांनी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली. तिची कारणे अनेक होती. परंतु बुद्धाकडे आपले लक्ष प्रथम त्या पुस्तकाने वळले, असे ते स्वतः सांगतात. एका शिक्षकाने दिलेल्या भेटीचे फळ असे कित्येक दशकांनी दिसले.

शिष्यवृत्तीचा मार्ग

केळुसकर सभेनंतर घरी स्वस्थ बसले नाहीत. पुढे कॉलेजचा खर्च रामजींस झेपेना, तेव्हा केळुसकरांनी या मुलाची गोष्ट श्रीमंत सयाजीराव महाराजांच्या कानी घातली. महाराजांनी मुलास समक्ष बोलावून प्रश्न विचारले आणि समाधान होताच दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. बी. ए. झाल्यावर १९१३ साली बडोदे संस्थानाने त्यांस तीन वर्षांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठविले. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करावी, अशी तीस अट होती.

हे औदार्य आकस्मिक नव्हते. १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू करून १९०६ मध्ये तो सर्व संस्थानास लागू करणारे, व १९१० पासून गावोगाव ग्रंथालये उघडण्याचे काम हाती घेणारे हे राज्य होते. ज्या राज्यात देण्याची शिस्त असते, तेथे योग्य मुलाचे नाव सांगणारा एक माणूस भेटला तरी पुरे होतो.

अकरावा दिवस

आता या कथेचा कडू भाग. करार पाळण्यासाठी १९१७ साली आंबेडकर बडोद्यास आले. परदेशी विद्यापीठाची पदवी हाती होती, संस्थानाची नोकरी होती. पण राहण्यास जागा मिळेना. शेवटी पारशी लोकांसाठी असलेल्या एका खाणावळीत पारशी नाव नोंदवून, रोज दीड रुपया देऊन ते राहिले. अकराव्या दिवशी सकाळी, वाचावयास आणलेली पुस्तके ग्रंथालयात परत करण्यासाठी उचलीत असतानाच लाठ्या घेतलेली माणसे जिना चढून आली व त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावले. एक हिंदू व एक ख्रिस्ती अशा दोन परिचितांकडे त्यांनी विचारून पाहिले. दोघांनीही काही ना काही अडचण सांगितली. त्यानंतरचा वेळ कमाटी बागेत बसून काढून ते रात्रीच्या गाडीने मुंबईस निघून गेले. आज बडोद्यात त्या प्रसंगाची आठवण संकल्पभूमी या नावाने जपली जाते.

या गोष्टीत कोणा एका समाजास दोष देऊन इतरांस सुटता येणार नाही. त्या दिवशी या शहरात मुसलमानांचीही घरे होती. त्यांतील एखादे दार उघडले, असे बाबासाहेबांच्या लेखनात कोठे येत नाही. राजाने फी दिली, प्रवासखर्च दिला, नोकरी दिली. शहराने एक खोली दिली नाही, आणि त्या एका खोलीवाचून एवढी थोर देणगी बडोद्याच्या कामी यावयाची राहून गेली.

कोल्हापुरात शाहू महाराजांनी हे मर्म फार आधी ओळखले होते. शाळा असूनही खेड्यातील मुलगा शिकत नाही, कारण शहरात त्यास डोके टेकावयास जागा नसते, हे जाणून त्यांनी १९०१ पासून एकेका समाजासाठी वसतिगृहे काढण्यास चालना दिली. १९०६ मध्ये मुसलमान विद्यार्थ्यांसाठी आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानलेल्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले. शिष्यवृत्तीच्या जोडीस निवारा दिला, म्हणूनच तेथील मुले टिकली.

आमच्या धर्माची शिकवण

मुसलमान समाजात यश आणि दातृत्व यांची सांगड घालणारे उदाहरण बद्रुद्दीन तय्यबजी यांचे आहे. वडिलांनी त्यांस लहान वयात विलायतेस शिकावयास पाठविले; १८६७ साली ते बॅरिस्टर होऊन मुंबईस परतले. ज्यांना तशी संधी नव्हती अशा मुलांसाठी १८७४ मध्ये मुंबईत अंजुमन-इ-इस्लाम ही संस्था उभी राहिली. तिच्या स्थापनेत ते अग्रभागी होते. त्यांचेच पुतणे अब्बास तय्यबजी पुढे बडोद्याच्या वरिष्ठ न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश झाले. स्वतः शिकलेल्याने शाळेच्या रूपाने ते ऋण फेडावे, हा कित्ता या घराण्याने घालून दिला.

आमच्या धर्मात उघड दानास दोष दिलेला नाही. गरजूस गुप्तपणे दिलेल्या दानास मात्र वरचे स्थान दिले आहे. दिखाव्यासाठी केलेल्या सत्कृत्यास ‘रिया’ म्हणतात आणि त्याने पुण्य वाया जाते. याउलट ज्याचा लाभ देणाऱ्याच्या पश्चातही चालू राहतो, त्यास ‘सदका-ए-जारिया’ म्हणतात, आणि इतरांच्या उपयोगी पडणारी विद्या त्यात मोडते. केळुसकरांचे पुस्तक हे या अर्थाने पाहण्यासारखे आहे. ते मुसलमान नव्हते, पण आमच्या शब्दाचा अर्थ त्यांच्या कृतीने चांगला समजतो.

ट्रस्टने काय करावे

या अभ्यासावरून चार सूचना आम्ही सभासदांपुढे नम्रपणे ठेवितो.

पहिली: गौरवाच्या दिवशी प्रत्येक मुलास त्याच्या पुढच्या अभ्यासाचे किंवा आवडीचे एक पुस्तक द्यावे, आणि ते त्याच्या शिक्षकास विचारून निवडावे.

दुसरी: देणाऱ्यांची नावे हवी तर वाचावीत, घेणाऱ्यांची नावे कधीही वाचू नयेत. मुलांनी जमविलेल्या वर्गणीचा गौरव सबंध वर्गाचा करावा. त्यामुळे औदार्याची सवय लागते, अहंता वाढत नाही, आणि घरी पैसे नसल्यामुळे ज्याने वर्गणी दिली नाही ते मूलही मान खाली घालीत नाही.

तिसरी: प्रत्येक गुणवंत मुलामागे ट्रस्टचा एक सभासद नेमावा. त्याने दर सहा महिन्यांनी चार गोष्टी विचाराव्यात. फी भरली का? पुस्तके आहेत का? राहण्याची व जेवण्याची सोय आहे का? नोकरीसाठी कोणाची ओळख करून द्यावयाची आहे का? मुलगी असेल तर जाण्यायेण्याची सोय हाही प्रश्न आवर्जून विचारावा, कारण हुशार मुलीचे शिक्षण पुष्कळ वेळा एवढ्याच कारणाने थांबते.

चौथी, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाची: दर वर्षी निदान एक शिष्यवृत्ती आपल्या समाजाबाहेरच्या मुलासाठी राखून ठेवावी, व बाहेरगावाहून शिकावयास आलेल्या कोणाही मुलास भाड्याने खोली देताना त्याची जात वा धर्म विचारू नये. जकातीच्या रकमेचे नियम निराळे आहेत व ते पाळलेच पाहिजेत. पण सदका आणि शेजारधर्म यांस तशी मर्यादा नाही. भाड्याची खोली शोधताना नाव सांगताच नकार ऐकण्याचे दुःख आज आमच्या मुलांनाही ठाऊक आहे. ज्यास ते ठाऊक आहे, त्याने ते दुसऱ्यास देऊ नये.

ही स्मरणिका घरी गेल्यावर आईवडिलांनी बडोद्याची ही हकीकत मुलांस वाचून दाखवावी, आणि कमाटी बागेत फिरावयास नेतील तेव्हा त्यांस विचारावे, ‘त्या दिवशी तो तरुण आपल्या दाराशी आला असता, तर आपण काय केले असते?’ ट्रस्टचा पुढील गुणगौरव समारंभ त्या उत्तरास शोभेसा होवो, अशी आमची अल्लाहपाशी प्रार्थना आहे.