आइस्क्रीमची पारख



वार्षिक परीक्षा संपली की तुमच्यापैकी पुष्कळ जण कोकणात, घाटमाथ्यावर किंवा आजोळी जातात. वाटेत एस. टी. थांबते तेथे आणि समुद्रकाठच्या गावांत हमखास पाट्या दिसतात : 'घरगुती पॉट आइस्क्रीम', 'हाताने फिरवलेले हापूस आइस्क्रीम'. प्रत्येक पाटीवर 'सर्वोत्तम' हा शब्द असतोच! पण एका गावातली चारही दुकाने एकाच वेळी सर्वोत्तम कशी असतील? मग खरे चांगले कोणते, हे ठरवायचे कसे? 'मला आवडले ते चांगले' एवढ्यावर विज्ञानाच्या विद्यार्थ्याने थांबू नये. कारण येथे प्रश्न नुसत्या चवीचा नाही, पोटाच्या आरोग्याचाही आहे. चला तर, या सुटीत थोडी शास्त्रीय पारख शिकून घेऊ.

पॉटमध्ये काय घडते?

पॉट म्हणजे एक लाकडी पिंप. त्याच्या मधोमध धातूचा उभा डबा असतो आणि डब्यात लाकडी पात्यांची फिरकी असते. डब्यात आटवलेले दूध, साखर आणि साय घालतात. डबा आणि पिंप यांच्यामधल्या जागेत फोडलेला बर्फ आणि जाडे मीठ भरतात. मग दांडा फिरवायचा. दांड्याने फिरणाऱ्या अशा यंत्राचे पेटंट अमेरिकेतील नॅन्सी जॉन्सन या बाईंनी १८४३ साली मिळवले. आजचा पॉट मूळच्या त्या कल्पनेपासून फारसा दूर गेलेला नाही.

आता विचार करा. नुसता बर्फ का चालत नाही? बर्फ वितळतो ० अंश सेल्सियसला. पण दुधात साखर विरघळलेली असल्यामुळे आइस्क्रीमचे मिश्रण ० अंशाला गोठत नाही. ते गोठू लागते सुमारे उणे ३ अंशांना. तेव्हा ० अंशाच्या बर्फाने ते गार होईल, पण गोठणार नाही.

मीठ काही स्वतः थंड नसते. बर्फाच्या खड्यावर पाण्याचा पातळ थर असतो. त्या थरातून पाण्याचे काही रेणू बर्फाला जाऊन चिकटत असतात, तर बर्फाचे काही रेणू सुटून पाण्यात येत असतात. ० अंशाला ही देवघेव सारखी असते. पाण्यात मीठ विरघळले की बर्फाकडे परतणाऱ्या रेणूंची संख्या घटते, सुटणारे मात्र सुटतच राहतात. म्हणजेच बर्फ वितळत राहतो. वितळण्यासाठी दर ग्रॅमला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तिलाच आपण सुप्त उष्णता म्हणतो. ही उष्णता आणायची कोठून? बर्फ ती मिश्रणातून, खाऱ्या पाण्यातून आणि डब्यातल्या दुधातून ओढून घेतो. त्यामुळे तापमान ० अंशाखाली उतरते. मीठ योग्य प्रमाणात असेल, तर ते जास्तीत जास्त उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकते.

डबा धातूचा आणि पिंप लाकडी का, हेही आता सहज कळेल. धातू उष्णतेचा सुवाहक आहे, म्हणून दुधातली उष्णता झटकन बर्फाकडे जाते. लाकूड मंदवाहक आहे, म्हणून बाहेरच्या हवेतली उष्णता सावकाश आत येते.

बर्फ किती लागेल?

थोडे गणित करू. १ किलोग्रॅम मिश्रण २५ अंशांपासून उणे ३ अंशांपर्यंत, म्हणजे २८ अंश थंड करायचे आहे. मिश्रणाची विशिष्ट उष्णता ०.८ धरू.

१००० × ०.८ × २८ = २२,४०० कॅलरी.

मिश्रणात सुमारे ६४० ग्रॅम पाणी आहे आणि त्यातले निम्मे गोठवायचे आहे, असे समजू.

३२० × ८० = २५,६०० कॅलरी.

एकूण झाल्या ४८,००० कॅलरी. याला ८० ने भागले की उत्तर येते ६०० ग्रॅम बर्फ. प्रत्यक्षात याच्या कित्येक पट बर्फ लागतो. कारण डबा सर्व बाजूंनी वेढायचा असतो आणि पिंपातून, झाकणातून बाहेरची उष्णता आत येतच असते.

जिभेला काय कळते?

चांगल्या आइस्क्रीमची पहिली खूण म्हणजे मऊपणा. आइस्क्रीममध्ये बर्फाचे असंख्य स्फटिक असतात. ते साधारण ०.०५ मिलिमीटरपेक्षा मोठे झाले, की जिभेला रवाळ, खरखरीत लागतात. फिरकी सतत फिरत राहिली की डब्याच्या भिंतीवर जमणारा बर्फ लगेच खरवडला जातो. मोठे स्फटिक वाढायला सवडच मिळत नाही. हात थांबला, की स्फटिक वाढलेच म्हणून समजा! दांडा फिरवणाऱ्याच्या दुखऱ्या दंडांची किंमत आपल्या जिभेला कळते ती अशी.

मग कुल्फी तर न फिरवताच गोठवतात, तिचे काय? कुल्फीचे दूध खूप आटवलेले असते. पाणीच कमी, म्हणून बर्फही कमी. शिवाय ती लहान साच्यांत घालून मिठाच्या बर्फात झटपट गोठवतात. झटपट गोठले की स्फटिक लहान राहतात.

दुसरी गोष्ट ध्यानात ठेवा. वीज जाऊन आइस्क्रीम अर्धवट वितळले आणि वीज आल्यावर पुन्हा गोठले, तर लहान स्फटिकांचे पाणी मोठ्या स्फटिकांवर जाऊन बसते. असे आइस्क्रीम कचकच लागते. तेव्हा आइस्क्रीम रवाळ लागले, तर बनवणाऱ्याचा हात कमी पडला की साठवण बिघडली, हे दोन्ही तपासावे लागेल.

हवा किती?

आइस्क्रीम घोटताना त्यात हवेचे बारीक बुडबुडे अडकतात. थोडी हवा हवीच, नाहीतर ते दगडासारखे घट्ट होईल. पण हवा फुकट असते, दूध फुकट नसते! भारतातील अन्नसुरक्षेच्या नियमांनुसार नुसते 'आइस्क्रीम' म्हणून विकायच्या पदार्थात दुधाचा स्निग्धांश निदान १० टक्के असावा लागतो आणि एका लिटरचे वजन निदान ५२५ ग्रॅम भरावे लागते. एक लिटर मिश्रणाचे वजन सुमारे ११०० ग्रॅम असते. म्हणजे लिटरभर आइस्क्रीममध्ये निम्म्याहून किंचित अधिक हवा असली, तरी ते नियमात बसते. हाताने फिरवलेल्या पॉटमध्ये हवा बरीच कमी शिरते, म्हणून ते हाताला जड आणि जिभेला घट्ट लागते. दुधाऐवजी वनस्पतिजन्य तेल-तूप वापरले असेल, तर त्याला आइस्क्रीम म्हणता येत नाही. वेष्टनावर 'फ्रोझन डेझर्ट' असे लिहावे लागते. वेष्टन वाचायची सवय लावून घ्या.

गोठले म्हणजे जंतू मेले का?

मुळीच नाही! थंडीने बहुतेक रोगजंतूंची वाढ थांबते, पण ते सगळे मरत नाहीत. विषमज्वराचे जंतू बर्फातही तग धरू शकतात. म्हणून चवीच्या आधी तीन गोष्टी पाहा. दूध चांगले उकळलेले किंवा पाश्चरीकरण केलेले आहे का? भांडी, चमचे आणि हात स्वच्छ आहेत का? पॉटभोवतीचा बर्फ कोणी सरबतात तर घालत नाही ना? मासळी आणि यंत्रे थंड ठेवायचा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचा असेलच असे नाही. तो ओळखता यावा म्हणून अशा अखाद्य बर्फात निळा रंग मिसळण्याचा आदेश महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली काढला. आइस्क्रीम खारट लागले, तर झाकणाच्या फटीतून बाहेरचे पाणी आत शिरले आहे, असे समजा आणि वाटी खाली ठेवा. या परीक्षेत जो नापास झाला, त्याची चव पाहायचीच नाही.

निकाल कसा लावावा?

उरलेल्या दुकानांची तुलना करताना स्वाद एकच घ्या. एकीकडचा हापूस आणि दुसरीकडचे सीताफळ यांची तुलना होत नाही. दोन्ही नमुने सारखेच मऊ असू द्या, कारण फार थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी कळते. वितळलेले आइस्क्रीम जास्त गोड लागते ते याचमुळे. गडद पिवळा रंग पाहून आंबा अधिक आहे असा भास होतो, म्हणून डोळे बांधा. दोन घासांमध्ये साधे पाणी प्या.

आता प्रत्येक मित्राला तीन वाट्या द्या. दोन वाट्यांत एका दुकानाचे आणि एका वाटीत दुसऱ्या दुकानाचे आइस्क्रीम. 'वेगळे कोणते?' एवढेच विचारा. नुसत्या अंदाजाने उत्तर दिले, तर बरोबर येण्याची शक्यता तिनात एक. म्हणजे ६ मित्रांपैकी २ जणांचे उत्तर नशिबानेही बरोबर येईल. पण सहाही जणांचे उत्तर केवळ अंदाजाने बरोबर येण्याची शक्यता ७२९ मध्ये १ इतकीच आहे. तसे झाले, तर फरक खरा आहे असे समजायला हरकत नाही. मगच 'आवडले कोणते?' हा प्रश्न विचारा. फरकच ओळखता आला नाही, तर 'आमचेच सर्वोत्तम' या भांडणाला अर्थ उरत नाही.

करून पाहा

१. एका पेल्यात नुसता बर्फ आणि दुसऱ्यात बर्फ व मीठ घाला. प्रयोगशाळेतील तापमापीने दर दोन मिनिटांनी तापमान नोंदवून आलेख काढा. तापमापीवर उणे अंश आहेत ना, हे आधी पाहा. मिठाचा बर्फ हातात धरू नका. त्वचेला इजा होते.

२. वाटीत किती मिलिलिटर पाणी मावते ते मोजा. मग ती फट न ठेवता आइस्क्रीमने काठोकाठ भरा. झाकून वितळू द्या, फेस बसू द्या आणि उरलेले द्रव मोजा. १०० मिलिलिटरचे ६० झाले, तर हवा सुमारे ४० मिलिलिटर. (बर्फ वितळताना थोडा आकसतो, म्हणून हे उत्तर अंदाजी आहे.)

३. आइस्क्रीममधल्या आंब्याच्या फोडी कधी कधी दगडासारख्या कडक लागतात. त्या आधी साखरेत मुरवल्या, तर मऊ राहतात. असे का? वर वाचलेल्या माहितीवरून उत्तर शोधा.